लेऑडिसीअन : धंद्यातला 'कोमट' माणूस



आज असा एक इंग्रजी शब्द घेतोय, जो तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलताना कधीच वापरणार नाही. मीही वापरत नाही. पण त्यामागची गोष्ट कळली की आपल्या धंद्यातली दोन-चार माणसं लगेच डोळ्यांसमोर येतात, म्हणून घेतोय.

शब्द आहे 'लेऑडिसीअन'. स्पेलिंग एल-ए-ओ-डी-आय-सी-ई-ए-एन. उच्चारताना जोर 'सी'वर द्यायचा. २००९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत १३ वर्षांच्या काव्या शिवशंकरने याच शब्दाचं स्पेलिंग बरोबर सांगून विजेतेपद मिळवलं होतं. तेव्हा पहिल्या फटक्यात जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

अर्थ असा: ज्याची निष्ठा कोमट आहे तो. मुख्यतः धर्म आणि राजकारण यांच्या संदर्भात हे विशेषण येतं. इथे बरेच जण गडबड करतात. त्यांना वाटतं, हा म्हणजे आपला 'तळ्यात-मळ्यात' करणारा माणूस. तसं नाही. तळ्यात-मळ्यात करणाऱ्याचं अजून ठरलेलं नसतं. लेऑडिसीअन माणसाने बाजू घेतलेली असते, यादीत त्याचं नाव असतं, मीटिंगला तो हजरही असतो. फक्त त्यात धग नसते.

आता हा शब्द आला कुठून? आजच्या तुर्कस्तानात, डेनिझली शहराजवळ, लेऑडिसिया नावाच्या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. राजा दुसरा अँटिओकस याने आपल्या राणीच्या, लेऑडिसीच्या, नावावरून ते वसवलं. व्यापारी शहर होतं. इथली काळी लोकर प्रसिद्ध होती, पैशांची देवघेव मोठी होती. रोमन पुढारी सिसेरो इ.स.पूर्व ५१ मध्ये या भागात आला, तेव्हा त्याने हुंड्या वटवण्यासाठी हेच शहर धरलं होतं. इ.स. ६० मध्ये भूकंपाने शहर कोसळलं, तर रोमची मदत न घेता लोकांनी ते स्वतःच्या पैशातून पुन्हा उभं केलं, असं टॅसिटस हा इतिहासकार लिहितो. म्हणजे ही माणसं आळशी नव्हती बरं का!

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, 'प्रकटीकरणा'त, सात शहरांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना सात पत्रं आहेत. शेवटचं पत्र लेऑडिसियाला. त्यातली तक्रार अशी की तुम्ही थंडही नाही, गरमही नाही, कोमट आहात. आणि वर तुम्हाला वाटतं की आपण श्रीमंत आहोत, आपल्याला काही कमी नाही. याच पत्रामुळे शहराचं नाव पुढे इंग्रजीत विशेषण होऊन बसलं. थॉमस हार्डीने १८८१ मध्ये एका कादंबरीचं नावच 'अ लेऑडिसीअन' ठेवलं. तिची नायिका अगदी सुरुवातीलाच बाप्तिस्मा घ्यायला जाते आणि ऐन वेळी मागे फिरते.

आता आपल्या कामाचा भाग. या भागात एका बाजूला हिएरापोलिस, आजचं पामुक्कले, तिथे गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या बाजूला कोलोसी, तिथलं पाणी थंडगार. लेऑडिसियाला पाणी लांबून दगडी नळांतून यायचं. त्यामुळे पत्रातल्या उपमेचं एक प्रचलित स्पष्टीकरण असं देतात की गरम पाणी अंग शेकायला कामाचं, थंड पाणी प्यायला कामाचं, कोमट कशालाच नाही. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण यात 'थंड'ला वाईट म्हटलेलं नाही. धंद्यातही स्पष्ट 'हो' कामाचा आणि स्पष्ट 'नाही' पण कामाचा. 'बघू', 'कळवतो', 'तुम्ही पुढे व्हा, मी आहेच' याचं काय करायचं, सांगा बरं?

हे मी वरून सांगत नाहीये. मी स्वतः असा कोमट पार्टनर होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर कागदी पिशव्यांचं काम सुरू केलं. निम्मे पैसे माझे, निम्मे त्याचे. तो रात्री मशीनवर बसायचा. मी 'मार्केटिंग बघतो' म्हणायचो आणि सहाला घरी जायचो. कारण? घरचा एक गाळा भाड्याने दिलेला होता. पाच तारखेला भाडं यायचं, मला काही कमी नव्हतं. त्याचे मात्र हप्ते चालू होते. एकदा त्याने सरळ विचारलं, "तू यात आहेस की नाहीस?" मी म्हणालो, "आहेच की!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला घरी.

दीड वर्षाने मशीन पडत्या भावात विकावं लागलं. तेव्हा तो चिडला नाही, एवढंच म्हणाला, "पहिल्याच महिन्यात नाही म्हणाला असतास, तर मी दुसरा पार्टनर बघितला असता."

आता कुणी म्हणेल, सर, मी नोकरी सांभाळून धंदा करतो, मग मी पण लेऑडिसीअन का? नाही हो. घर चालवायला नोकरी ठेवणं हा सावधपणा आहे. पण सावध माणसाकडे एक तारीख किंवा एक आकडा असतो. अमुक इतक्या ऑर्डरी आल्या की नोकरी सोडणार, असं त्याने वहीत लिहिलेलं असतं. तुमच्या वहीत असं काही लिहिलंय का, ते आधी बघा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. महिनाभर 'बघू' म्हणणाऱ्या तीन गिऱ्हाइकांना फोन लावा. गोड बोला, पण थेट विचारा: "साहेब, नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही, फक्त नक्की काय ते सांगा." पार्टनरशी किंवा धंद्यात असलेल्या भावाशी हेच समोर बसून बोला, व्हॉट्सअॅपवर नको. तीनातला एखादा खरंच 'नाही' म्हणेल. त्याचे आभार माना, वहीतलं नाव खोडा आणि पुढचा नंबर लावा.