तक्त्यातील घरे जोडणे व वेगळी करणे

एकाच वाडीची दहा मुले पटावर असली, तर वाडीचे नाव दहा वेळा न लिहिता महिरपी कंस काढून एकदाच लिहावे, ही आपली जुनी वहिवाट. संगणकावर एक्सेलमध्ये तक्ता करतानाही पुष्कळ शिक्षक-बंधुभगिनी तेच करू पाहतात. रकान्यातील दहा घरे, म्हणजे सेल, निवडून ‘मर्ज अँड सेंटर’ ही आज्ञा देतात. तक्ता सुबक दिसतो खरा. परंतु कंसाचा अर्थ वाचणाऱ्या माणसास कळतो, यंत्रास कळत नाही.

घरे जोडली असता मजकूर राहतो तो केवळ वरच्या डाव्या घरातला. इतर घरांत काही लिहिलेले असल्यास एक्सेल एकवार सूचना देते आणि आपण होकार देताच ते पुसून टाकते. म्हणजे यंत्राच्या लेखी पहिल्या मुलासमोर वाडीचे नाव आहे व उरलेल्या नऊ मुलांसमोर काहीच नाही. आता फिल्टर लावून त्या वाडीची मुले निवडावीत, तो एकच मूल पुढे येते! वाहतूक भत्त्याची यादी अशा तक्त्यावरून केली, तर नऊ मुले भत्त्यास मुकतील. आणि मूळ तक्ता पडद्यावर निर्दोष दिसत असल्याने चूक सहसा ध्यानात येणार नाही. नावे वर्णानुक्रमे लावू गेल्यास मात्र, जोडलेली घरे सारख्या आकाराची नाहीत म्हणून एक्सेल अडून बसते. हे एका परीने बरेच. निदान दोष उघड होतो.

‘अनमर्ज सेल्स’ या आज्ञेने जोड सुटतो, पण पुसलेला मजकूर परत येत नाही. तेव्हा वाडीचे नाव असलेले घर व त्याखालील रिकामी घरे एकत्र निवडून कंट्रोल व डी या कळा दाबाव्यात. नाव सर्वांत उतरते. शाळेचे नाव तक्त्याच्या माथ्यावर मधोमध हवे असल्यास तेथेही घरे जोडण्याचे कारण नाही. ती ओळ निवडून कंट्रोल व 1 दाबावे आणि ‘अलाइनमेंट’मधील ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ हा पर्याय घ्यावा.

न जोडलेले एकेरी घर एक्सेलमध्ये दुभंगता येत नाही. त्यातील पूर्ण नाव तीन रकान्यांत वाटण्यास ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उपयोगी पडते. मात्र आधी उजवीकडे दोन रिकामे रकाने घालावेत, नाहीतर पुढील नोंदींवर नवा मजकूर बसतो. वडिलांचे नाव न लिहिलेले एखादे मूल यादीत असतेच. त्याचे आडनाव मधल्या रकान्यात जाते, ते हातानेच सुधारावे.