चेंडू करणारा टॉम

मोठ्या कुरणात काठीने चेंडू मारीत न्यायचा अन् लहानशा खड्ड्यात घालायचा, हा गोल्फचा खेळ. आम्हीही तो कधी खेळलो नाही. पण त्यातल्या एका कारागिराची हकीकत सांगतो.

टॉम मॉरिस १८२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावी जन्मला. बाप विणकर. टॉम अ‍ॅलन रॉबर्टसन या उस्तादांच्या हाताखाली चेंडू करायला शिकला. चामड्याच्या लहानशा पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरायची, मग तोंड शिवायचे. काम जिवावरचे. दिवसाकाठी चेंडू होत तीन-चार!

१८४८ च्या सुमारास झाडाच्या चिकाचा चेंडू आला. स्वस्त अन् टिकाऊ. उस्ताद संतापले. हा चेंडू आपली भाकरी हिरावणार, हे त्यांना दिसत होते. एके दिवशी टॉम त्याच चेंडूने खेळला. झालं, दोघांची फारकत झाली.

१८५१ साली टॉम प्रेस्टविकला गेला. तिथे त्याने बारा खड्ड्यांचे मैदान आखले. त्याच मैदानावर १८६० साली पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. टॉम दुसरा आला. पुढे ती त्याने चारदा जिंकली.

इकडे उस्तादही अखेर चिकाचेच चेंडू करू लागले होते. १८५९ साली ते वारले. काही वर्षांनी गावच्या क्लबाने टॉमला मैदान राखायला परत बोलावले. पगार वर्षाला ५० पौंड.