दुसऱ्या कॅमेऱ्यामागे उभी राहा

चि. सई,


खांद्यानं गोलंदाजी सोडायला लावली, ते दुःख तुझं आहे; त्यावर मी फुंकर घालत बसत नाही. पण कॅमेऱ्याच्या कामासाठी सेटवरून बोलावणं आल्यावर ‘आता कुणाची तरी असिस्टंट होऊन ट्रायपॉड उचलू का?’ हे तुझं वाक्य मला झोंबलं. म्हणून बायरन हाउकबद्दल लिहितो.

हा अमेरिकेतला बेसबॉल पिचर. १९१२ साली फिलाडेल्फिया ॲथलेटिक्समध्ये आला. पुढच्याच वर्षी संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली. दिशेवर मात्र त्याचा ताबा नव्हता. त्या एका मोसमात शंभरावर फलंदाज त्यानं बाहेर चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवले. मग ब्रुकलिन, सेंट लुई असं करत तो कॅलिफोर्नियातल्या व्हर्नन संघात पोचला. १९१९ साली हा संघ विनोदी नट रॉस्को आर्बकलकडे आला. नट-दिग्दर्शक बस्टर कीटन त्याच गोतावळ्यातला, आणि बेसबॉलवेडा. पुढं कीटनच्या चित्रपटांवर हाउकचं नाव दिसतं ते छायाचित्रणाखाली. ओळखीनं दार उघडलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर मात्र तो कीटनचा मुख्य छायाचित्रकार एल्जिन लेस्ली याच्या मागं उभा राहिला. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ आणि ‘द नॅव्हिगेटर’ या दोन्हींत लेस्लीचं नाव आधी, हाउकचं नंतर. तेव्हा परदेशी प्रतींसाठी वेगळी निगेटिव्ह लागे, म्हणून दोन कॅमेरे शेजारी लावून हातानं हँडल फिरवत. दुसऱ्याचा हात अडखळला तर ती निगेटिव्ह वाया.

‘नॅव्हिगेटर’मधला पाण्याखालचा प्रसंग लेक टाहोत घेतला. दोन कॅमेरे आणि ते चालवणारे लाकडी पेटीत बसवून पेटी पाण्यात सोडत. माणसांच्या अंगाच्या उबेनं काच धुरकटायची, म्हणून आत बर्फ भरायचा, आत-बाहेर थर्मामीटर लावून तापमान सारखं राखायचं. त्या गारठ्यात, बर्फाशेजारी बसून, हात एका लयीत फिरता ठेवायचा! हे काम मला वर्ल्ड सिरीजपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

तुझ्याबरोबर मैदानावरून येईल ते हेच: पहाटे उठणं, तेच ते न कंटाळता करणं, थकल्यावरही लक्ष न ढळणं. जिल्हा संघातलं नाव येणार नाही. सेटवर ते आपणहून काढूही नकोस. फोकस पुलर टेपनं अंतर कसं मोजतो, लेन्स बदलताना हात कुठं ठेवतो, ते शेजारी उभं राहून बघ. विचारायचं ते पॅकअपनंतर विचार.

सेटवर बोलावणाऱ्यांना सोमवारच्या आत होकार कळव. आणि ट्रायपॉड डाव्या खांद्यावर घे.

तुझा,
मामा