चौकटीविना चित्रकथन : 'भीमायन' आणि गोंड-परधान दृश्यभाषा

चित्रकथा या प्रकाराचा विचार मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने केलेला नाही. साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधावर आपल्याकडे लिहिले गेले. कादंबरीचे पटकथेत होणारे रूपांतर हा विद्यापीठीय प्रबंधांचाही विषय झाला. चित्रकथा मात्र बालवाङ्मयाच्या कोपऱ्यातच राहिली. तिच्याविषयी जे थोडे बोलले गेले त्यामागेही एक गृहीत दिसते : चित्रकथा म्हणजे कागदावर थांबलेला चित्रपट. एक चौकट म्हणजे एक दृश्यखंड, आणि चौकटींची रांग म्हणजे कथेची गती. हे गृहीत कितपत टिकते, याची तपासणी 'भीमायन' या ग्रंथाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'भीमायन' २०११ मध्ये नवयान या प्रकाशनसंस्थेने इंग्रजीत प्रसिद्ध केले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान-गोंड चित्रकार दांपत्याची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, आणि प्रास्ताविक जॉन बर्जर यांचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनपर लेखनात अस्पृश्यतेचे जे अनुभव नोंदवले, ते या ग्रंथाचा पाया आहेत. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग आहेत.

बाबासाहेबांचे चरित्र चित्रांतून सांगण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. १९७९ मध्ये 'अमर चित्रकथा'ने त्यांच्यावर अंक काढला होता. एस. एस. रेगे यांची संहिता आणि दिलीप कदम यांची वास्तवदर्शी चित्रे, अशी त्याची घडण. आयताकृती चौकटी, मध्यभागी नायक आणि प्रसंगामागून प्रसंग ही त्याची रीत. एका पिढीने बाबासाहेबांना प्रथम पाहिले ते अशाच चित्रांत, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) या चित्रपटात ते काम मामुट्टी यांच्या चेहऱ्याने केले. माध्यमे भिन्न असली तरी दोहोंची दृष्टी एकच आहे. प्रेक्षकाने व्यक्तीकडे पाहावे, आणि व्यक्तीला कडेने कापलेल्या अवकाशात पाहावे.

व्याम दांपत्याने ही कडच नाकारली. आपली माणसे चौकटींत कोंबणार नाही, त्यांचा श्वास कोंडतो, अशी त्यांची भूमिका होती. पानाची विभागणी त्यांनी 'डिगना' या पारंपरिक नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी केली. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढली जाणारी ही नक्षी पानाला भाग पाडते, पण प्रसंगाला कोंडत नाही. एका प्रसंगातील झाड दुसऱ्यात वाढते. मासा पट्टी ओलांडून जातो. डोळ्याने डावीकडून उजवीकडे जावे अशी सक्ती येथे नाही. वाचक प्रथम गोंधळतो हे खरे, आणि या गोंधळाचे मोल पुढे ध्यानात येते.

कारण या ग्रंथाचा विषयच मुळी आखून दिलेल्या सीमांचा आहे. १९०१ साली साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. ती महार असल्याचे कळताच गाडीवान मिळेनासा होतो. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार होतो, पण अट अशी की बैल मुलांनी हाकावेत आणि तो बाजूने चालेल. जवळ खाण्याची टोपली आहे, पाणी नाही. या प्रसंगातील तहान 'भीमायन' शब्दांपेक्षा पाण्याच्या आणि जलचरांच्या आकारांनी बोलते. आगगाडी सापासारखी वळते, किल्ला हिंस्र श्वापद होतो. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी हुसकावून लावल्यावर बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसतात; तेथे त्यांचे शरीर आणि बाग एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात. ज्याला शहरात छप्पर मिळाले नाही, तो स्वतःच इतरांना सावली देणारी जागा झाला, असा अर्थ चित्र सुचवते. चित्रपटाला हे करता आले नसते असे नव्हे. पण कॅमेऱ्याला आधी एक खरी बाग लागते आणि एक खरा माणूस लागतो, मग त्यांना एकत्र करण्याची युक्ती शोधावी लागते. परधान चित्रकाराला ते दोन कधी वेगळे नव्हतेच. महाडच्या सत्याग्रहाच्या चित्रात ध्वनिवर्धकांतून श्रोत्यांवर पाण्याचे फवारे पडतात, हेही याच दृष्टीचे फळ आहे. भाषण आणि पाणी, दोन्हींवरचा हक्क एकाच रेषेत येतो.

संवादांची आकृतीही लक्षणीय आहे. ज्यांचे बोलणे सौम्य, त्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातिद्वेषाच्या बोलण्याला विंचवाची नांगी फुटते. मनातल्या विचाराला डोळा असतो. चित्रकथेतील संवादाचा फुगा ही पाश्चात्त्य उसनवारी. येथे तिला नैतिक वजन आले आहे. चाळीसगावच्या प्रसंगात (१९२९) टांगेवाल्याने अस्पृश्य प्रवाशाला नेण्यास नकार दिला आणि टांगा हाकण्याचा अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती लगाम आल्याने अपघात झाला. असा नकार वाचताना तो केवळ वाक्य राहत नाही, डसतो.

या दृश्यभाषेचा उगम कोठे, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. ज्याला 'गोंड चित्रकला' म्हटले जाते ती या जिल्ह्यांतली नाही. ती मंडला भागातील परधानांची आहे. जनगढसिंह श्याम (मृत्यू २००१) यांना १९८० च्या दशकाच्या आरंभी जगदीश स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले, आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. त्यांच्या जीवनाचा माग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले स्वतंत्र चित्रपटकार अमित दत्ता यांनी आधी 'जनगढ : फिल्म एक' या लघुपटात आणि पुढे २०१८ च्या ग्रंथात घेतला. एकच कलावंत शोधाच्या दोन वाटा चोखाळतो, कॅमेरा आणि लेखणी, ही गोष्ट आपल्याकडील माध्यमनिष्ठ विभागण्यांना खटकावी अशी आहे. परधान हे मुळात चित्रकार नव्हेत. बाना वाजवून गोंड यजमानांच्या वंशावळी आणि देवकथा गाणारे ते भाट. यजमानांचा आश्रय आटला तेव्हा कथा सुरांतून रेषेत आली. गाणाऱ्याला चौकट नसते. तो एका आख्यानातून दुसऱ्यात जातो आणि परत येतो. 'भीमायन'च्या पानावरची मुक्त वाट तेथून आलेली दिसते.

चांद्याच्या गोंड राज्याचे अवशेष, हत्तीवर झडप घालणारा सिंह कोरलेले ते दरवाजे, आपण जपतो. परंतु परधानांच्या आख्यानांकडे चांद्याच्या विद्वानांनी त्या मानाने दुर्लक्षच केले. मोहर्लीचे उदाहरण घ्यावे. ताडोबाच्या या प्रवेशद्वारातून शेकडो भिंगे आत जातात, आणि त्यांना हवा असतो एकटा वाघ, चौकटीच्या मध्यभागी. ज्या तारूच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, त्याच्या कथेत मात्र वाघाशी झुंजून मेलेला गावप्रमुख देव होतो. माणूस, वाघ आणि तलाव यांतले काहीही कापून काढले तर कथा उरत नाही. वन्यजीव-छायाचित्रण आणि तारूची कथा या दोहोंत जे अंतर आहे, तेच अंतर 'अमर चित्रकथा' आणि 'भीमायन' यांत आहे.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. आरक्षणाविषयी कुरकुर करणारा एकजण आणि त्याला समजावणारी बाई, ही निवेदनाची चौकट उपदेशाकडे झुकते. चित्रांनी जी नाकारली ती संहितेने मागच्या दाराने आत घेतली असे म्हणावे लागते. वृत्तपत्रांतील अत्याचारांच्या बातम्या पानांत शिरतात तेथे चित्र काही काळ शब्दांचे चाकर होते. मात्र सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. मसूरचा गाडीवान इंग्रजी बोलत नव्हता, आणि चाळीसगावचा टांगेवालाही नाही. त्या नकारांची मूळ भाषा मराठी होती, तीही मुलुखामुलुखाची, आणि बाबासाहेबांनी ती इंग्रजीत नोंदवली तेव्हाच एक थर गळून पडला. विंचवाच्या नांगीतले शब्द मराठीत परत आणताना साताऱ्याचा गाडीवान प्रमाण मराठीत बोलवून चालणार नाही. त्याच्या बोलीत 'तुम्ही' असेल की 'तू', मुलांना तो कोणत्या शब्दाने हाक मारील, आणि दुप्पट भाडे मागताना त्याचा सूर खाली येईल की वर जाईल, हे अनुवादकाला ठरवावे लागेल. आणि नांगी किती लांब काढायची, हे त्यानंतर चित्रकाराला.