परदेशातली नोकरी बिनसून सुटली. आता दाखला कुणाचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात नवा खरेदीदार हळद उधारीवर मागू लागला की आडत्या आधी विचारतो, "या आधी माल कुणाकडून उचलत होता?" उत्तर मिळाले की तो त्या पेढीवर फोन करतो. विटा-आटपाडी भागातला गलाई कारागीर दूरच्या शहरात सोने-चांदी गाळण्याचे दुकान टाकतो, तेव्हा त्याला पहिली ओळख गावातल्याच कुणाच्या तरी शब्दावर मिळते. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावू देण्यापूर्वी नव्या कारागिराला उस्तादाचे नाव विचारतात. धंद्यात मागचा माणूस काय सांगतो यावर पुढचा दरवाजा उघडतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

नोकरीतही हाच व्यवहार आहे. पण मागच्या माणसाशी बिनसले असेल तर? आणि तो माणूस समुद्रापलीकडे असेल तर? सातारा-सांगलीच्या अनेक व्यापारी आणि कारागीर घरांतली मुले-मुली आज शिकून आखाती देशांत शिक्षक, अकाउंटंट, फोरमन म्हणून जातात. त्यातली काही भांडून, काही न सांगता, काही अर्ध्या मुदतीत परत येतात. म्हणून या आठवड्याचा धडा या अडचणीवर.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील मिरजेच्या एका दुकानदाराची मुलगी बी.एस्सी., बी.एड. करून अमिरातीतील एका शाळेत गणित शिकवायला गेली. पगार उशिरा होत असे आणि ठरल्यापेक्षा जास्त तास घ्यावे लागत. चौदा महिन्यांनी हिवाळी सुट्टीत ती घरी आली. वडिलांची तब्येत बिघडली होती. ती परत गेलीच नाही आणि शाळेला साधे पत्रही पाठवले नाही. शाळेकडून दोन मेल आले, तिने भीतीपोटी ते उघडले नाहीत.

दीड वर्षाने कराडच्या एका शाळेत जागा निघाली. अर्जात मागील नोकरीचा दाखला आणि दोन ओळखी मागितल्या होत्या. नातेवाइकांनी दोन सल्ले दिले. एकाने सांगितले, "ती नोकरी अर्जात दाखवूच नको." दुसरा म्हणाला, "शारजात माझ्या मित्राची कंपनी आहे, त्याच्या लेटरहेडवर हवा तसा दाखला आणतो." मुलीचे वडील आमच्याकडे आले, तेव्हा दोन्ही सल्ले नाकारण्याचा त्यांचा विचार होता, पण तिसरा रस्ता दिसत नव्हता. तो रस्ता आहे, आणि तो फारसा अवघडही नाही.

तीन वेगवेगळ्या गोष्टी

आपले लोक तीन गोष्टींची गल्लत करतात. पहिली, सेवेचा दाखला. अमुक व्यक्तीने अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर काम केले, एवढेच त्यात असते. दुसरी, शिफारसपत्र. काम कसे केले, स्वभाव कसा, हे त्यात येते. तिसरी, चौकशी. नवा मालक फोन किंवा मेल करून जुन्या मालकाला थेट विचारतो.

शिफारसपत्र ही मेहेरबानी आहे. रागावलेला माणूस ती करणार नाही आणि त्याच्यावर सक्तीही करता येत नाही. पण सेवेचा दाखला हा बहुतेक ठिकाणी नोकराचा हक्क आहे. बिनसलेल्या मालकाकडे शिफारस मागायला गेलो की नकार मिळतो, आणि मग आपण दाखल्याचीही आशा सोडतो. चूक इथे होते. भांडण झालेल्या ठिकाणी फक्त तारखा आणि पद मागावे. गुणगान दुसऱ्या कुणाकडून आणावे.

कायदा काय म्हणतो

संयुक्त अरब अमिरातीत खासगी क्षेत्रासाठी 2021 चा कायदा क्रमांक 33 हा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे नोकरी संपल्यावर नोकराने मागितल्यास मालकाने विनाशुल्क दाखला द्यायचा असतो. त्यात रुजू झाल्याची व सुटल्याची तारीख, एकूण मुदत, पद, शेवटचा पगार आणि सुटण्याचे कारण येते. मात्र नोकराची अब्रू जाईल किंवा पुढची नोकरी अडेल असा मजकूर त्यात घालता येत नाही. सौदी अरबच्या कामगार कायद्यात कलम 64 जवळपास हेच सांगते. नोकराने जमा केलेली कागदपत्रे परत देणेही त्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. अमिरातीच्या कायद्यात करारात ठरल्याप्रमाणे किमान 30 आणि जास्तीत जास्त 90 दिवसांची नोटीस आहे. योग्य कारणाशिवाय काम टाकून गेलेल्या परदेशी नोकराला साधारणपणे एक वर्ष तिथे नवे वर्क परमिट मिळत नाही. नोटिशीची अट फक्त परदेशातच आहे असे समजू नये. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमांतही कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

जुन्या पिढीला 'एन.ओ.सी.' ची भीती ठाऊक आहे. कफीलने ना-हरकत दिली नाही तर त्या देशात दुसरी नोकरी मिळत नसे. ही परिस्थिती आता बरीच बदलली आहे. कतारने 2020 मध्ये ही अट काढली, ओमानने 1 जानेवारी 2021 पासून काढली, आणि सौदीनेही मार्च 2021 पासून काही अटींवर कफीलच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. म्हणून वीस वर्षांपूर्वी गेलेल्या चुलत्याचा अनुभव आजच्या मुलाला जसाच्या तसा लावू नये.

नोकरी कशी सुटली, ते आधी ठरवा

भांडण सांगताना प्रत्येकाला आपलीच बाजू खरी वाटते. कागदावर मात्र तीनच प्रकार आहेत.

1. मालकाचा दोष. पगार थकवला, करार पाळला नाही, पासपोर्ट ठेवून घेतला. (भारतीय पासपोर्ट ही 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडकवून ठेवण्याचा हक्क मालकाला नाही.) अशा वेळी पळून न येता तिथल्या कामगार खात्यात तक्रार नोंदवावी. तक्रारीचा क्रमांक हाच पुढे आपला साक्षीदार होतो. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल 2015 पासून सुरू आहे. तिथे घरचे लोक सांगलीत बसूनही तक्रार देऊ शकतात.

2. आपला दोष. नोटीस न देता आलो, रजेवर येऊन परत गेलो नाही, रागाच्या भरात शिवीगाळ केली. इथे माफीचे चार ओळींचे पत्र वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त काम करते.

3. काढून टाकले. कारण लेखी मागून ठेवावे. लेखी कारण कडू असले तरी ऐकीव बदनामीपेक्षा बरे, कारण त्याला उत्तर देता येते.

सौदीत 'हुरूब' लागला आहे का, अमिरातीत गैरहजेरीची नोंद झाली आहे का, हे पुन्हा आखातात जाण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी तपासून घ्यावे. एजंटला पैसे भरल्यावर हे कळले तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

पत्र कसे लिहावे

पत्र मुख्याध्यापकाच्या नावे नको, कार्यालयाच्या किंवा एच.आर. विभागाच्या नावे असावे. राग माणसाला असतो, कार्यालयाला रजिस्टर असते. मजकूर असा ठेवावा:

"मी आपल्या संस्थेत अमुक तारखेपासून गणित शिक्षक म्हणून काम केले. घरच्या आजारपणामुळे मी सुट्टीनंतर रुजू होऊ शकले नाही आणि वेळेवर कळवले नाही. यामुळे वर्गाची व संस्थेची अडचण झाली, याबद्दल दिलगीर आहे. माझ्याकडून काही रक्कम किंवा वस्तू येणे असल्यास कळवावे. मला शिफारस नको. फक्त माझ्या सेवेच्या तारखा आणि पद दर्शवणारा दाखला द्यावा, ही विनंती."

पगाराचे जुने गाऱ्हाणे या पत्रात घालू नये. येणे असेल तर त्याची मागणी वेगळ्या पत्राने करावी. उत्तर आले नाही तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सभ्यपणे लिहावे आणि प्रत्येक पत्राची प्रत ठेवावी. शेवटी दाखला मिळालाच नाही, तर याच प्रती दाखवतात की आपण तोंड लपवले नव्हते.

दाखला नाही, तरी पुरावा आहे

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले गेले. अनेकांच्या हाती एक बॅग होती. 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आयोग नेमला, तेव्हा आपण कुवेतमध्ये होतो हे दाखवायला कागद लागले. ज्यांनी पासपोर्टची पाने आणि ओळखपत्रे जपली होती, त्यांचे काम सोपे झाले.

आजही तेच आहे. नियुक्तीपत्र, करार, इकामा किंवा एमिरेट्स आयडीची प्रत, बँकेत पगार जमा झाल्याचे उतारे, वेळापत्रक, वर्गशिक्षक म्हणून नाव असलेले परिपत्रक, हे सगळे मिळून मालकाच्या सहीशिवायही नोकरी सिद्ध करतात. अमिरातीत 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथल्या नोकरीचा हा पुरावा बहुतेकांपाशी असतोच.

आणि ओळख? ती फक्त मुख्याध्यापकच देऊ शकतो असे नाही. विभागप्रमुख, निरीक्षक, शाळा सोडून गेलेला सहकारी शिक्षक, इथली जुनी शाळा, बी.एड. कॉलेजचे प्राध्यापक, हे सर्व चालतात. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. ज्याचे नाव द्यायचे त्याला आधी विचारावे, आणि नोकरी कशी सुटली हे त्याला खरे सांगावे. चौकशीचा फोन आला आणि त्याला काहीच माहीत नसले, तर त्याची आणि आपली दोघांची फजिती होते.

मुलाखतीत काय सांगावे

नोकरी लपवू नये. पासपोर्टवरचे शिक्के आणि मधली रिकामी वर्षे आपोआप प्रश्न विचारतात. दोन-तीन वाक्यांत सांगून थांबावे: "मी तिथे चौदा महिने शिकवले. घरच्या कारणाने नोटीस न देता परत आले, ती माझी चूक झाली. शाळेला तसे लिहून कळवले आहे." जुन्या मालकाची निंदा करू नये. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येते, उद्या हा माणूस आमच्याबद्दलही असेच बोलेल. "तिथे चौकशी करू का?" असे विचारले तर "जरूर करा, तारखा ते सांगतील, कामाबद्दल या व्यक्तीला विचारा," असे म्हणून दुसरे नाव पुढे करावे.

मालातला दोष दाखवून विकणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक परत येते, हे आपण रोज पाहतो. इथेही तोच हिशेब आहे.

बनावट दाखल्याबद्दल एवढेच सांगतो: बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंडविधानाखाली होता आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेखाली आहे. नोकरी मिळाल्यावर पाच वर्षांनी उघड झाला तरी नोकरी जाते आणि शब्दही जातो. मित्राच्या लेटरहेडवर सही करणारा मित्रही त्यात अडकतो.

आता आपल्याकडे पाहू

मिरजेच्या त्या मुलीने मेल पाठवला. पहिल्या दोन मेलना उत्तर नाही. तिसऱ्यानंतर दोन ओळींचा दाखला आला, नाव, पद आणि तारखा. तिच्या जुन्या विभागप्रमुखांनी, जे तोवर स्वतः ती शाळा सोडून गेले होते, कामाबद्दल चांगले पत्र दिले. कराडच्या शाळेने तिला सुरुवातीला कमी पगारावर घेतले. संस्थेच्या सचिवांनी सांगितले, "तुम्ही स्वतःहून सांगितले, म्हणून आम्ही पुढचे विचारले नाही."

हे ऐकून तिचे वडील आमच्याजवळ एक गोष्ट बोलले, ती या पानाच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानातला एक पोरगा सणाच्या तोंडावर काम सोडून गेला. नंतर तो मस्कतला जाण्यासाठी अनुभवाचा कागद मागायला आला, तेव्हा त्यांनी त्याला दारातून परत पाठवले होते. "तिकडच्या शाळेने माझ्या मुलीला उत्तर दिले नाही तेव्हा मला तो पोरगा आठवला," ते म्हणाले.

आपण वेल्डिंगचे वर्कशॉप चालवतो, शिलाईचे दुकान चालवतो, गॅरेज चालवतो. आपल्या हाताखालून गेलेल्या पोरांसाठी आपणही मालकच आहोत. सोडून जाणाऱ्यावर राग असला तरी त्याने आपल्याकडे किती वर्षे घालवली हे खरे आहे, आणि ते लिहून देण्यात आपले काही जात नाही. न केलेल्या कामाची तारीफ करू नये. केलेल्या कामाच्या तारखा अडवूनही धरू नयेत. दोन्ही खोट्या साक्षीच्याच बाजू आहेत.

या आठवड्याचे काम: घरातले कुणी परदेशात असेल तर करार, ओळखपत्र आणि पगाराच्या उताऱ्याची एक प्रत आजच इथे मागवून फाईलला लावा. आणि आपल्या दुकानातून गेलेला एखादा कारागीर दाखल्यासाठी थांबला असेल, तर त्याला बोलावून तो लिहून द्या.