एक वाजेपर्यंत घरी आहे

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीला लिफ्ट नाही. पुण्यावर अभ्यास करायला लंडनहून आलेल्या एक संशोधक बाई भर उन्हात तीन मजले चढून आल्या आणि दाराला कुलूप. दोष माझ्या इंग्रजीचा. मनात होतं, ‘मी एक वाजेपर्यंत घरी आहे.’ मोबाइलवर टाइप केलं, ‘आय विल बी होम बाय वन.’ त्यांनी अर्थ घेतला, एकपर्यंत हे घरी पोचतील. म्हणून त्या दीडला आल्या. मी तेव्हा बँकेत रांगेत उभा.

फोनवर तावातावाने बोलणार होतो. मेसेज पुन्हा वाचला आणि माफी मागितली.

‘शुक्रवारपर्यंत काम करेन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत काम संपवेन’, दोन्हीकडे आपलं ‘पर्यंत’ खुशाल चालतं. फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत मात्र शब्दच बदलावा लागतो: तोवर चालू राहणार असेल तर ‘अन्टिल’, मुदतीत उरकायचं असेल तर ‘बाय’. मी आता पाठवण्याआधी ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघतो. ‘शुक्रवारच्या आत संपवेन’ कानाला बरं लागतं, म्हणजे ‘बाय’. ‘एकच्या आत घरी आहे’ खटकतं, म्हणजे ‘अन्टिल’. नकार असेल तर ही युक्ती फसते. ‘शुक्रवारपर्यंत पाठवू नका’ला ‘अन्टिल’च हवं.

‘दोन तासांत येतो’चं ‘इन टू अवर्स’ केलंत, तर समोरचा दोन तासांनी तुमची वाट बघायला लागेल. आपल्या मनात असतं ‘विदिन’. आणि ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ तर आपल्या नोकरीच्या अर्जांत ठाण मांडून बसलंय. ‘सिन्स’ला सुरुवात सांगावी लागते, २०१९ म्हणा, सोमवार म्हणा, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.

‘बायवीकली’ मी वापरतच नाही. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? इंग्रजी कोशच दोन्ही अर्थ देतात.

बाई मराठी शिकताहेत. मागे त्यांनी विचारलं, ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस की येणारा? म्हटलं, क्रियापद बघा: परवा आलो, परवा येईन. त्यांनी वहीत नीट लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात त्यांचा मराठीत मेसेज आला, ‘परवाची भेट छान!’

आम्ही तर महिनाभरात भेटलो नव्हतो. मी फोनच केला.