एका सांत्वनगीताचा अर्थ व त्याचें वेष्टन

जानेवारी २०२५ मध्यें नव्या मुंबईंत ‘कोल्डप्ले’ नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदाचे तीन जलसे झाले. तुमच्यापैकीं कित्येकांचीं वडील भावंडें तेथें गेलीं असतील, व त्यांच्या तोंडून ‘फिक्स यू’ हें गीत तुमच्या कानीं आलें असेल. पालकांस हा सर्व प्रकार परका, किंबहुना नुसता गोंगाट वाटण्याचा संभव आहे. परंतु हें गीत एका शोकाकुल घरांत जन्मास आलें असून, दुःखितास प्रेमानें सावरणें हाच त्याचा विषय आहे. शिवाय त्याच्या वेष्टनावर जें चित्र आहे, तें केवळ चित्र नसून एक लिपि आहे. या दोहोंचा अर्थ आज आपण क्रमानें पाहूं.

प्रथम गीताची जन्मकथा. ब्रूस पॅल्ट्रो हे अमेरिकेंतील दूरदर्शन व चित्रपट यांचे निर्माते व दिग्दर्शक. ऑक्टोबर २००२ मध्यें रोम शहरीं त्यांचें निधन झालें. त्यांची कन्या ग्वेनेथ ही प्रसिद्ध अभिनेत्री होय. तिचा विवाह कोल्डप्लेचे गायक क्रिस मार्टिन यांच्याशीं डिसेंबर २००३ मध्यें झाला. पितृशोकानें व्याकूळ झालेल्या पत्नीसाठीं मार्टिन यांनीं हें गीत रचिलें. ब्रूस यांनीं मृत्यूच्या थोडे आधीं एक मोठा विजेचा कीबोर्ड विकत घेतला होता, व तो कोणीं वाजविलाच नव्हता. मार्टिन यांनीं तो सुरू केला, आणि त्यांतून निघालेल्या अपूर्व नादानें आपणांस नवीं गीतें सुचलीं, असें ते सांगतात. ‘फिक्स यू’चा आरंभ प्रार्थनामंदिरांतील ऑर्गनसारख्या मंद स्वरांनीं होतो, हें ऐकतांना ही हकीगत अवश्य आठवावी.

आतां अर्थाकडे वळूं. ‘फिक्स’ म्हणजे दुरुस्त करणें. आपण घड्याळ दुरुस्त करितों, सायकल दुरुस्त करितों. परंतु माणूस म्हणजे घड्याळ नव्हे. म्हणून नुसतें शीर्षक ऐकिलें, तर तें थोडें गर्विष्ठपणाचें वाटतें. दुसऱ्याचें भंगलेलें अंतःकरण जोडून देईन, असें कोणीं म्हणावें? परंतु गीत लक्षपूर्वक ऐकिलें म्हणजे दिसून येतें कीं, गायक बरें करण्याचें वचन देत नाहीं. तो केवळ प्रयत्नाचें वचन देतो. इतकेंच नव्हे, तर शेवटाकडे तो स्वतःच्या चुकांपासून शिकण्याचेंही वचन देतो. म्हणजे दुसऱ्यास सावरूं पाहणारा मनुष्य आधीं आपली उणीव कबूल करितो. संगीताची रचनाही याला साजेशीच आहे. सुमारें अर्धें गीत हळुवारपणें चालतें. गिटार व ढोल यांचा जोर मागाहून येतो, त्यांत अनेकांचे कंठ मिसळतात, व अखेरीस पुन्हां शांतता होते. सांत्वनानें घाई करूं नये, हें येथें स्वरांनींच सांगितलें आहे.

हें गीत ‘एक्स अँड वाय’ या २००५ सालच्या संग्रहांतील. संग्रहाचें वेष्टन टॅपिन गॉफ्टन या दुकलीनें योजिलें. त्यावर रंगीत ठोकळे मांडलेले दिसतात. लहान मूल तर त्यांस खेळ समजेल. वस्तुतः ती बॉदो नामक तारलिपि आहे, व ‘फिक्स यू’ गीत स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालें तेव्हां त्याच्या वेष्टनावरही तें नांव याच लिपींत दिलें गेलें. एमिल बॉदो हे फ्रान्सच्या तारखात्यांतील गृहस्थ; त्यांनीं १८७४ सालीं आपल्या तारयंत्रपद्धतीचें पेटंट घेतलें. या लिपींत प्रत्येक अक्षरास पांच स्थानें असतात, व प्रत्येक स्थान भरलेलें किंवा रिकामें असतें. दोनास दोनानें गुणीत गेल्यास पांच स्थानांचे ३२ संकेत होतात, व इंग्रजी २६ अक्षरांस ते पुरतात. पुढें फेरबदल होऊन जी आंतरराष्ट्रीय सारणी रूढ झाली, तीप्रमाणें या गीताच्या नांवांतील अक्षरें अशीं :

एफ् ●○●●○
आय् ○●●○○
एक्स् ●○●●●
वाय् ●○●○●
ओ ○○○●●
यू ●●●○○

शेवटचीं दोन अक्षरें पुन्हां पाहा. ‘ओ’मध्यें जीं स्थानें रिकामीं, तींच ‘यू’मध्यें भरलेलीं आहेत, एकावर दुसरें ठेविलें, तर एकही जागा मोकळी राहत नाहीं. सारणी करणाऱ्यांच्या मनांत सांत्वन नव्हतें, तारेची सोय होती. हा केवळ योगायोग होय. तरी तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पालकांस तारेची आठवण असेलच. आपल्या देशांतील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली; परंतु त्यापूर्वीं ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकतांच घरांतील माणसांच्या काळजांत धस्स होत असे. जगभर कितीतरी मृत्यूच्या बातम्या अशा निर्विकार संकेतांतून गेल्या. ज्यास लिपि येत नाहीं, त्यास त्यांत दुःख दिसत नाहीं.

याचा अनुभव मला माझ्याच वर्गांत आला. कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एका मुलाचे वडील वारले. दहा दिवसांनीं तो शाळेंत आला, तेव्हां मीं त्यास सर्व वर्गासमक्ष उभें करून धीराचे चार शब्द सांगितले, आणि आपलें कर्तव्य पार पडलें अशा समाधानानें खडू हातीं घेतला. त्याच्या बाकावरील सोबती कांहींच बोलला नाहीं. मात्र मधल्या सुट्टींत त्यानें आपला डबा दोघांच्या मध्यें ठेविला, व बुडालेला अभ्यास उतरून घेण्यासाठीं रोज आपली एक वही त्यास देऊं लागला. वर्षअखेरीस मीं त्या मुलास विचारिलें, “त्या दिवशींच्या माझ्या बोलण्याचा तुला कांहीं आधार वाटला का रे?” तो संकोचून म्हणाला, “सर, तुम्ही काय म्हणालांत तें मला ऐकूंच आलें नाहीं. सगळे माझ्याकडे बघत होते, एवढेंच आठवतें.”

मी त्यास दुरुस्त करावयास निघालों होतों. त्याच्या सोबत्यानें नुसता प्रयत्न केला. मला जी लिपि वाचतां आली नाहीं, ती चौदा वर्षांच्या त्या मुलानें वाचिली, आणि जेथें रिकामें होतें तेथें तो बसला.

मार्टिन व ग्वेनेथ यांचा विवाह पुढें २०१६ सालीं कायद्यानें संपुष्टांत आला. यावरून गीत खोटें ठरलें असें कोणीं समजूं नये. वचन प्रयत्नाचें होतें, आणि दुःखाच्या दिवसांत तें दिलें गेलें होतें. मुलांनो, तुमच्या वर्गांतही एखादा बाक मुका असेल. त्याजकडे उपदेश घेऊन जाऊं नका. डबा घेऊन जा, वही घेऊन जा, आणि थोडा वेळ त्याच्या शेजारीं बसा.